रंगवलेला ओडेल

क्रेनशॉ रस्त्यावरच्या थिएटरात पिक्चर बघायचा म्हणजे पडद्याशी भांडायच्या तयारीनेच जायचं. तिथे गप्प बसून कुणी पिक्चर बघत नाही. हिरो अंधाऱ्या तळघरात उतरायला लागला की मागच्या रांगेतून त्याला सांगितलं जातं, 'नको जाऊस रे मूर्खा', आणि तो गेलाच तर 'मर मग' म्हणून लोक मोकळे होतात. नट ओडेल फाँटेनो ह्याच काळ्यांच्या वस्तीत वाढला आणि ह्याच थिएटरात ओरडायला शिकला. त्यामुळे एक्क्याण्णव साली त्याचा नवा पोलिसी पिक्चर लागला तेव्हा पहिल्याच रविवारी, चर्च सुटल्यावर, तो आईला घेऊन तिथेच गेला. स्टुडिओने ठेवलेल्या खास खेळाला तो सूटबूट घालून जाऊन आला होताच, पण खरा निकाल इथे लागतो हे त्याला ठाऊक होतं.

तासभर सगळं झकास चाललं. लोक हसले, टाळ्या पडल्या, ओडेलने गुंडाच्या कानाखाली जाळ काढला तेव्हा दोन म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. मग तो प्रसंग आला. पडद्यावरचा ओडेल एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उडी मारतो, कॉलर फडफडते, आणि पळभर मागून त्याची मान दिसते.

"हा कोण?" मागून एक बाई म्हणाली. "हा आपला ओडेल नाही. मान बघा मेल्याची, उकडलेल्या कोळंबीसारखी लाल आहे."

"गोरा आहे गं तो," दुसरी म्हणाली. "बुटाचं पॉलिश फासलंय."

सगळं थिएटर खो खो हसलं. पुढची दहा मिनिटं पिक्चरमध्ये काय झालं ते कुणालाच कळलं नाही. ओडेलने टोपी डोळ्यांवर ओढली. शेजारी आई, अर्लिन फाँटेनो, आपल्या निळ्या हॅटसकट ताठ बसली होती.

"बाळा," ती हळूच म्हणाली, "तुझे गुडघे पळताना आत वळतात. त्याचे नाही वळत. मी तेव्हाच ओळखलं होतं."

"आई, पिक्चर बघ."

"बघतेच आहे. पण तुला उडी मारायला काळा माणूस मिळाला नाही का रे? एवढ्या मोठ्या शहरात?"

ह्याचं उत्तर ओडेलकडे होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं. त्या धंद्यात ही जुनी रीत होती. काळ्या नटाच्या वाट्याची उडी, आग, आपटी हे सगळं एखादा गोरा माणूस करायचा. सकाळी त्याला खुर्चीत बसवून तपकिरी रंग फासायचे आणि पाठवायचे कॅमेऱ्यासमोर. ओडेलचे पाच पिक्चर ओळीने चालले होते, त्याचा चेहरा सनसेट बुलेव्हारवर तीन मजले उंच टांगलेला असायचा, आणि पाचही पिक्चरांत उडी मारणारा ओडेल रंगवलेला होता. त्याला ते आवडत नव्हतं. पण त्याच्या एजंटाने त्याला पहिल्याच वर्षी बजावलं होतं: गोरा नट चिडला तर लोक म्हणतात, कलावंत आहे. तू चिडलास तर म्हणतील, अवघड माणूस आहे. आणि अवघड माणसाला दुसरा पिक्चर मिळत नाही. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर हसून फोटो काढायचा.

सोमवारी तो केस कापायला गेला, तर बातमी त्याच्या आधी न्हाव्याच्या दुकानात पोचली होती. आणि ती पोचवणारा डॉर्सी पेटवे खुर्चीत फेस लावून बसला होता. डॉर्सी ओडेलचा बालमित्र. कॉम्प्टनला त्याच्या घरामागे तीन घोडे होते. तिथे ज्यांची मोठी परसं आहेत ते आजोबांच्या वेळेपासून घोडे पाळतात. ओडेलही तिथेच, डॉर्सीच्या काकाच्या घोडीवरून पडत पडत बसायला शिकला होता. डॉर्सी मात्र पडणं हाच धंदा करून बसला. जिन्यावरून, खिडकीतून, पळत्या गाडीतून, म्हणाल तिथून पडायचा. पण त्याला काम मिळायचं ते गर्दीतल्या चोराचं. मोठ्या नटाची उडी त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती.

"या, कोळंबीशेठ," डॉर्सी फेसातून म्हणाला.

दुकान हसलं. ओडेलही हसला. न हसून जातो कुठे?

"ऐकलं, तुला घोड्यांचा पिक्चर मिळाला," डॉर्सी म्हणाला. "मुख्य काम. टोपी, पिस्तूल, सगळं."

"मिळाला." हे सांगताना ओडेलला आवाज साधा ठेवता आला नाही. आठ वर्षांचा असल्यापासून त्याला हेच काम हवं होतं. पोलीस झाला, वकील झाला, हिरोच्या आधी मरणारा मित्र तर चार वेळा झाला. पण घोड्यावर बसून गावात शिरणारा आणि शेवटी जिवंत बाहेर पडणारा माणूस व्हायला त्याला पंचेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं.

"आणि त्यात घोड्यावरून दरी ओलांडायची आहे असंही ऐकलं. ती कोण ओलांडणार?"

ओडेल आरशात आपले केस चाचपू लागला.

"हे बघ," डॉर्सीने फेस पुसला, आणि आता तो थट्टा करत नव्हता. "ते मला घेत नाहीत ह्याचं मला वाईट वाटत नाही. ते कधी घेणारच नव्हते. पण कुणाला घ्यायचं ते ठरतं त्या खोलीत तू पाच पिक्चर बसलास आणि माझं नाव एकदासुद्धा काढलं नाहीस. त्याचं वाटतं."

ओडेलला तिथल्या तिथे जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. "ह्या वेळी काढतो," तो म्हणाला.

बोलल्याप्रमाणे त्याने नाव काढलं. स्टंटमास्टर होता बक डनलेव्ही, साठीचा, वाकड्या पायांचा, अर्धं आयुष्य घोड्यावर आणि उरलेलं प्लास्टरमध्ये गेलेला. मनाने वाईट नव्हता, फक्त त्याच्या मनात जागा थोडी होती आणि ती त्याच्या दोस्तांनी भरलेली होती.

"ओडेल, अरे, मला काय हौस आहे का?" बक म्हणाला. "तयारीचा काळा घोडेस्वार असता तर आज घेतला असता. नाहीतच. काय करणार?"

"एक आहे. डॉर्सी पेटवे. बघा तरी त्याला."

"गर्दीत पाठव. गावकऱ्यांत उभा राहील. उडी किप मारेल, तुझ्या सगळ्या पिक्चरांत त्यानेच मारली आहे. आणि काळजी करू नकोस, दुरून काही कळत नाही."

"क्रेनशॉला कळलं."

"क्रेनशॉ सोड," बक म्हणाला, आणि ओडेलने सोडलं. आणखी एक वाक्य बोलला असता तर 'अवघड' ह्या शब्दाची सुरुवात तिथेच झाली असती. निदान डॉर्सीला गर्दीत जागा मिळाली, स्वतःचा घोडा आणायच्या अटीवर.

शूटिंग शहराच्या उत्तरेला, सुक्या डोंगरातल्या एका घोड्यांच्या रँचवर होतं. उडीच्या दिवशी ओडेल आपली जुनी पिकअप घेऊन फाटकावर पोचला, तर राखणदाराने हात आडवा केला.

"नाव?"

"ओडेल फाँटेनो."

राखणदार नवा होता. त्याने ओडेलकडे पाहिलं, पिकअपकडे पाहिलं. "साहेब, थट्टा करू नका. फाँटेनो साहेब केव्हाच आत गेले. मी स्वतः सलाम केलाय. फार साधा माणूस, हात हलवून गेले."

ओडेल डोकं स्टिअरिंगवर टेकवून हसत सुटला. तेवढ्यात आतून खुद्द 'फाँटेनो साहेब' धावत आले. किप हॅन्ली, कपाळापासून गळ्यापर्यंत तपकिरी, कानाच्या पाळ्या मात्र गुलाबी राहिलेल्या.

"सोड त्यांना, ते खरे आहेत," किप राखणदाराला म्हणाला आणि ओडेलच्या शेजारी येऊन बसला. "माफ कर यार. त्याने सलाम ठोकला, मला काय करावं सुचेना, म्हणून मी हात हलवला."

"माझ्यासारखा हलवलास का?"

"प्रयत्न केला." किपने मान खाली घातली. "मलाही हे आवडत नाही, ओडेल. आठवडाभर उशीवर डाग पडतात. बायको म्हणते, घरी कोण येऊन जातं ते एकदाचं सांग."

किपवर रागवणं ओडेलला कधी जमलंच नाही.

दहा वाजता घोळ झाला. पिक्चरमध्ये ओडेल आणि गावचा म्हातारा गोरा शेरीफ, दोघं शेजारी शेजारी घोडे फेकत दरी ओलांडतात. दरी म्हणजे माणसाला घाम फुटावा एवढा ओढा. दिग्दर्शक वॉरन लिंडक्विस्टला दोन्ही घोडे एकाच चौकटीत, एकाच वेळी हवे होते. आणि शेरीफचा डुप्लिकेट आदल्या दिवशीची तिखटजाळ उसळ खाऊन संडासात अडकला होता. तो आतून ओरडून सांगत होता की येतो, पण त्याच्या आवाजावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

"शहरातून दुसरा माणूस बोलावतो," बक म्हणाला.

"तो येईपर्यंत ऊन डोक्यावर येईल आणि सावल्या जातील," वॉरन म्हणाला. "काहीही कर, बक. मला दोन घोडेस्वार दे." आणि तो तणतणत पलीकडच्या काठावर, दुसऱ्या कॅमेऱ्याकडे गेला.

ओडेल जवळच उभा होता. गावकऱ्यांच्या घोळक्यात डॉर्सी आपल्या घोडीवर बसून सफरचंद खात होता. ओडेलने त्याच्याकडे पाहिलं, रंगवलेल्या किपकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात एक गोष्ट इतकी स्वच्छ उमटली की त्याला स्वतःचीच भीती वाटली. फसलं तर हा पिक्चर हातचा गेला असता. आई म्हणाली असती, बाळा, काय केलंस हे. त्याने एक मोठा श्वास घेतला आणि जगातला सगळ्यात समजूतदार नट असतो तसा चेहरा केला.

"बक, मी मदत करू का? शेरीफच्या जागी डॉर्सीला घ्या. घोडीसकट हजर आहे."

"शेरीफ गोरा आहे, ओडेल."

"मग? रंग आहे ना."

बकला विनोद वाटला. तो घोड्यासारखा खिंकाळला, ओडेलच्या पाठीवर थाप मारली आणि फोन करायला डोंगराखालच्या ऑफिसकडे पळाला.

ओडेल डॉर्सीला घेऊन रंगाच्या गाडीत गेला. तिथे पेग होती, पंचवीस वर्षं लोकांना काळं, लाल, पिवळं करत आलेली. तिने दोघांकडे पाहिलं.

"ह्याला गोरा करायचा आहे," ओडेल म्हणाला. "म्हातारा शेरीफ. मिशीसकट."

"कुणी सांगितलं?"

"वॉरन म्हणाले, काहीही करा."

हसू दाबताना पेगचे ओठ थरथरायला लागले. "बस खाली," ती डॉर्सीला म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा तरी उलटं करून बघते."

डॉर्सीला खुर्चीत राजासारखं वाटत होतं. "नाक जरा टोकदार कर," तो सांगत होता. "आणि गाल लाल. शेरीफ पितो ना? अगं, मान विसरू नकोस. आमच्या वस्तीत आधी मान बघतात."

"डॉर्सी," ओडेल खालच्या आवाजात म्हणाला, "तुला ती दरी जमेल ना? खरं सांग."

"तू माझं नाव काढलंस. आता दरीचं काम माझ्यावर सोड."

डॉर्सी पायऱ्या उतरून बाहेर आला. पांढरी मिशी, गुलाबी गाल, छातीवर बिल्ला. चुन्यात पडून उठलेल्या माणसासारखा दिसत होता. तो ऐटीत घोडीवर चढला, रंगवलेल्या किपच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि टोपीला बोट लावून म्हणाला, "नमस्कार, फाँटेनो साहेब."

"नमस्कार, शेरीफ," किप म्हणाला, आणि दोघंही घोड्यांच्या मानेवर कोसळले. गावकरी हसले, दिवेवाले हसले, स्वयंपाकी पळी घेऊन बाहेर आला. डोंगराखालून बक धापा टाकत आला आणि जागच्या जागी थांबला.

"हे काय सोंग आहे?"

"दोन घोडेस्वार," ओडेल म्हणाला.

"अरे, हा गोरा दिसतो का? आंधळ्यालाही कळेल."

"दुरून काही कळत नाही, बक."

हे बकचेच शब्द होते. त्याचेच दात आणि त्याचेच ओठ. तो किपकडे बघे, मग डॉर्सीकडे, मग परत किपकडे. आजवर तो फक्त किपकडे बघत आला होता, आणि एकट्याकडे बघितलं की काही खटकत नव्हतं.

मग वॉरन आला. हसणं हळूहळू बंद पडलं. तो दोन्ही घोड्यांभोवती एक फेरी मारून ओडेलसमोर उभा राहिला. "ही कुणाची कल्पना?"

बक म्हणाला, "वॉरन, थट्टा चालली होती..."

"माझी," ओडेल म्हणाला. त्याचे गुडघे खरंच आत वळले होते. "आणि थट्टा नाही."

वॉरन डॉर्सीकडे वळला. "तुला ही उडी मारता येते?"

डॉर्सीने घोडी वळवली, मागे नेली, आणि बक 'थांब' म्हणेपर्यंत ती सुटली होती. पांढरी मिशी वाऱ्याने उडून गेली. घोडी दरीवर इतका वेळ होती की ओडेल श्वास घ्यायचा विसरला. मग पलीकडे धूळ उडाली आणि धुळीतून डॉर्सी सावकाश दुडक्या चालीने पुलावरून परत आला.

"ही गोऱ्या रंगात झाली," तो वॉरनला म्हणाला. "आता कुठल्या रंगात मारू?"

हसला पहिल्यांदा वॉरनच, अगदी नाइलाजाने हसल्यासारखा. मग त्याने घड्याळ पाहिलं. "एक काळा स्वार, एक गोरा स्वार, आणि दोघंही उलटे करून ठेवलेत तुम्ही लोकांनी. धुवा तोंडं. पेग, पाणी आण."

बादलीशेजारी किप आणि डॉर्सी ओणवे होऊन तोंडं घासत होते आणि एकच टॉवेल ओढत होते. किप शेरीफचा बिल्ला लावताना म्हणाला, "देवा, पाच पिक्चरांनंतर घाम पुसता येणार."

उडी एका फटक्यात झाली. दोन घोडे जोडीने उठले, जोडीने पलीकडे उतरले. ओडेल कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर आपल्या वेशातल्या डॉर्सीला बघत होता. निळा कोट, वाकलेली मान, हवेत उठलेला हात. पाच पिक्चरांत हा प्रसंग आला की तो नजर चुकवायचा. आज त्याने चुकवली नाही. त्याला त्या माणसाचा अभिमान वाटला, आणि तो माणूस आपणच आहोत असंही वाटलं. डोळे भरून आले ते त्याने धुळीच्या नावावर खपवले.

टाळ्या ओसरल्यावर बक डॉर्सीकडे गेला आणि त्याचा हात हातात घेतला. त्याला खरंच आनंद झाला होता, हे मान्य करायला हवं. "अरे, इतकी वर्षं होतास कुठे तू?"

"तुमच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर," डॉर्सी म्हणाला. "तुम्ही मला ओलांडून जेवायला जायचात."

बकने हात सोडला नाही. तो म्हणाला, "उद्या सात वाजता. जळत्या तबेल्याचं काम आहे."

ओडेल आपल्या घोड्याकडे निघाला, आता कॅमेऱ्यात जवळून त्याचा चेहरा घ्यायचा होता. वॉरन त्याच्यासोबत चालू लागला.

"पुढच्या वेळी सरळ येऊन सांग मला," वॉरन म्हणाला. "एवढं नाटक कशाला? मी काय खाणार होतो तुला?"

ओडेल थांबला. "सरळ सांगितलं असतं तर काय केलं असतंत? खरं सांगा."

वॉरनने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. तो माणूस प्रामाणिक होता, आणि त्या दिवशी त्याला त्याचा त्रास झाला.

"स्टुडिओला फोन केला असता," तो शेवटी म्हणाला. "म्हणालो असतो, ओडेल अवघड होत चाललाय."

ओडेलने मान डोलावली. त्याने घोड्याचा लगाम हातात घेतला, कोणाचीही मदत न घेता वर चढला, आणि आपली टोपी सरळ केली.

"मग चला," तो म्हणाला. "आज मी फार सोपा आहे. ऊन डोक्यावर येण्याआधी माझा चेहरा घेऊन टाका."